तिघांपुरतं घर

६ ऑक्टोबर २०२४
ठरलं. धुळ्यात भाड्याच्या घरांमध्ये फार वर्षं काढली. आता देवपूरच्या प्लॉटवर स्वतःचं. कर्ज काढायचं नाही, म्हणून लहान. लहान, पण हुशार घर. माणसं तीन: मी, योगेंद्र आणि सासूबाई. लेक भूमिका पुण्यात नोकरीला. ती चार दिवसांसाठी येते, त्यातले दोन झोपून काढते. मग हॉल कशाला? हॉल पाहुण्यांसाठी असतो आणि पाहुणे हल्ली फोनवरच भेटतात.
आर्किटेक्ट नको. मी शाळेत भूमिती शिकवते.

१३ ऑक्टोबर
प्लॅन तयार. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मध्ये बोळ. हॉल रद्द. ओटाही रद्द, कारण ओटा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायचं आमंत्रण. योगेंद्रने कागद उलटा धरून ‘छान’ म्हटलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एवढंच विचारलं की कानबाई कोठे बसाडशी. मी म्हटलं, श्रावणातल्या एका रविवारी देवी बसते, तेव्हा सगळी भाऊबंदकी मावावी म्हणून मोठी खोली बांधायची आणि उरलेलं वर्षभर ती झाडायची का? पुढच्या वर्षापासून कानबाई साक्रीला, दिराकडे, ललित भाऊजींच्या घरी.
आई उठून लसूण सोलायला गेल्या. पटलं असावं.

१९ जानेवारी २०२५
भिंती उभ्या राहिल्या. खोल्या आखडलेल्या दिसतात. जीवराम मिस्त्री आणि मी दोघं बराच वेळ मधोमध उभे राहिलो, तेव्हा लक्षात आलं की प्लॅनमध्ये भिंतींची जाडी धरलेलीच नाही. मिस्त्री म्हणाला, मॅडमनी काढलेलं, म्हणून मी बी काही इचारलं नही.
रेषेला जाडी नसते, हे मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेते. भिंतीला असते. तो वेगळा विषय आहे, माझ्याकडे नाही.

२३ मार्च
आईंची लोखंडी खाट त्यांच्या खोलीत जाते. मग दार लागत नाही. दार काढून पडदा लावू म्हटलं, तर म्हणाल्या, मी काय दवाखानामा शे का.
उपाय सापडला. भिंतीत दुमडणारा पलंग. दिवसा वर, रात्री खाली. खाट साक्रीला पाठवली. तात्पुरती.

३० एप्रिल
गृहप्रवेश. मांडव रस्त्यावर, पंगती रस्त्यावर. आत एका वेळी पाच जण, असा नियम केला. ललित भाऊजी म्हणाले, वहिनी, घर झकास आहे, फक्त एकानं मोठा श्वास घेतला की दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. सगळे हसले. त्यांचं शेतातलं ऐसपैस घर, त्यांना डिझाइन काय कळणार.

८ जून
आई दिवसभर समोरच्या कोकिळाकाकूंच्या ओट्यावर असतात. लसूण सोलणं तिथे, पेपर तिथे, डुलकीही तिथेच. उत्तमच आहे. शेजाऱ्यांची जागा वापरणं हे सगळ्यात स्वस्त नियोजन.
आज चहा घेऊन गेले, तर तिकडचा पिऊन झाला होता. कप परत आणला. मीच प्यायले.

२९ जून
भूमिका येऊन गेली. गादी बोळात टाकली. पहाटे योगेंद्र पाण्याला उठला आणि तिच्या पायावर पडला. तिने विचारलं, आई, तू घर बांधताना मला धरलंच नव्हतं का? मी म्हटलं, धरलं होतं, पण पुण्यात.
दोन दिवस आधीच परत गेली. ऑफिसचं काम निघालं म्हणे. हल्ली कंपन्या फार राबवतात.

२७ जुलै
आई कानबाईसाठी साक्रीला गेल्या. आठ दिवसांसाठी. दोन्ही पिशव्या, औषधांचा डबा आणि हिवाळ्यातली शाल घेऊन. वय झालं की ऋतूंचं भान राहत नाही.

३ ऑगस्ट, साक्री
कानबाई बसली. घरात पाय ठेवायला जागा नाही. दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन ललित भाऊजींनी सकाळीच बोल्ट काढून उचललं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. झाला हॉल. उद्या विसर्जन झालं की परत लावणार. याला काही शास्त्र नाही. मी रोट खाता खाता तसं बोलूनही दाखवलं. जाऊबाई पुनमने ताटात आणखी भोपळ्याची भाजी वाढली.
आई खाटेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. इतकं बोलताना त्यांना एप्रिलपासून ऐकलं नव्हतं. जागरणाचा परिणाम असेल.

५ ऑगस्ट
आईंना म्हटलं, बॅग भरा. त्या म्हणाल्या, तुनं घर चांगलं शे बाई, पन तठे मी बोलस ते फक्त भित आयकस. मी खुलासा करणार होते की घरात तीन माणसं आहेत, पैकी दोघं नोकरीला जातात, म्हणजे सरासरी... तेवढ्यात पुनमने जेवायला हाक मारली.
योगेंद्रला पुढे पाठवलं. मी आईंना घेऊनच येणार. त्याशिवाय हलायचं नाही.

९ ऑगस्ट
रजा वाढवली. आईंचं मन वळत आलं आहे. काल त्यांनी माझी गादी त्यांच्या खाटेला लागून घातली आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. मऊ पडल्या आहेत हे उघड आहे. गाढ झोप लागली. इथली हवा दमट आहे.

१० ऑगस्ट
दुपारी योगेंद्र हजर. कुलूप लावून, कपडे घेऊन. म्हणाला, घरात फॅनचाच आवाज येतो.
जेवताना आईंनी विषय काढला की देवपूरचं घर भाड्याने द्यावं. मी ठणकावून सांगितलं, शक्य नाही. ते घर मी विचारपूर्वक तिघांसाठी बांधलं आहे. आई म्हणाल्या, मंग भाडेकरू बी तीन मानसंचंच कुटुंब दखूत.
सगळे जेवत राहिले. माझं म्हणणं कुणालाही खोडून काढता आलेलं नाही, याची इथे नोंद करते.
भांडी आवरताना पुनमला विचारलं, धुळ्याला शाळेच्या वेळेत पोचणारी सकाळची बस किती वाजता असते, आणि संध्याकाळची परतीची. सहज, माहिती म्हणून.