शेवटच्या वर्षाचं जॅकेट

प्रिय आल्सीद,

फ्लोरिडाच्या उन्हात तुला बहिणीची आठवण कशाला येईल म्हणा! इथे मेनमध्ये एप्रिल लागला तरी दारातला बर्फ हटत नाही. आज सकाळी आईच्या तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी घातली आणि तू डोळ्यांपुढे आलास. पहिल्या धिरड्यासाठी तू रोझेरशी भांडायचास, म्हणून मी ते मुद्दाम करपवायचे. तूच त्याला सॉ मिलमध्ये चिकटवलंस आणि तूच शनिवारच्या नाचाला घेऊन आलास. "ल्युसील, हा पाय तुडवतो, पण माणूस सोन्यासारखा आहे," म्हणालास. लग्नानंतर दोन्ही खरं निघालं.

तुमची जॅकेटं आठवतात? वर्षभर पाळीत कुणालाही इजा झाली नाही, तर नाताळात मिलकडून सगळ्या पाळीला नाव शिवलेलं जॅकेट. ती घालून तुम्ही चर्चमध्ये असे बसायचात, जणू पाद्रीबाबांपेक्षा तुमचाच मान मोठा. खरचटलं, कापलं, की हात खिशात घालून गुपचूप घरी. "अंगठा झाकून जॅकेट मिळवलं मेल्यांनी!" असं आम्ही बायका एकमेकींना सांगून हसायचो. तेव्हा हसू यायचं रे. तुझी जुनी जॅकेटं माझ्या माळ्यावर आहेत. निवृत्तीच्या वर्षाचं तेवढं तू बरोबर नेलंस.

ते मिळायच्या आठवड्यातच रोझेरचा हात करवतीच्या साखळीत गेला. तूच त्याला गाडीत घालून इस्पितळात नेलंस. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, घरी लाकडं फोडताना कुऱ्हाड लागली. मी खडसावलं तर म्हणाला, "आल्सीदचं शेवटचं जॅकेट गं. माझ्यापायी बुडायला नको." टाके पडतील, हात बरा होईल, असंच त्याला वाटलं होतं. तीन बोटं काढावी लागली.

आता मिलवाले म्हणतात, घरी झालेल्या दुखापतीची भरपाई आम्ही का द्यायची? पगार नाही, उपचारांचा खर्चही आमच्याच डोक्यावर. युनियनच्या बाईंनी दावा लावलाय, पण साक्षीदार कोण विचारलं की रोझेर कुणाचंच नाव सांगत नाही. घरी येऊन म्हणतो, "आल्सीदला यात ओढायचं नाही." मला त्याचा राग येतो आणि त्याच्यावर जीवही जडतो, दोन्ही एकदम.

हे पत्र मी त्याच्या नकळत लिहितेय. तुझ्याबरोबर त्यालाही मिळालेल्या त्या जॅकेटची चेन त्याला लावता येत नाही. रोज सकाळी मी लावते, तेव्हा तो छताकडे बघतो. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. एका जॅकेटसाठी कुणी आपली बोटं घरी तुटली म्हणेल का, असं मिलचा वकील विचारणार. त्याला मी काय सांगू? तू ये, आल्सीद. तुझं जॅकेट घालून ये आणि त्या वकिलासमोर उभा राहा. पहिलं धिरडं तुझं. या वेळी करपवणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ल्युसील