मंगल कार्यालयातलं उरलेलं

आबा, तुम्ही जाऊन तीस वर्षं उलटली, तेव्हा आता तुम्ही माझ्यावर ओरडणार नाही, एवढ्या भरवशावर हे लिहिते आहे. आणि ओरडलात तरी माझंही वय झालंय, मीही उलट बोलेन. खरं तर हे तुम्हाला आत्यानं येऊन सांगितलं असतं तर जास्त शोभलं असतं, पण तुमची बहीण अजून ठणठणीत आहे, तिला तिकडं यायची घाई नाही. म्हणून मीच सांगते. मागच्या महिन्यात मी चाकूरकडच्या आपल्या गावी, आपल्याच वस्तीवर, लग्नातलं उरलेलं जेवण घेऊन गेले होते.

लगेच उठून जाऊ नका, आधी ऐका. रिटायर झाल्यापासून मी कॉलनीतल्या बायांच्या एका गटात आहे. बहुतेक मास्तरणी, नाहीतर मास्तरांच्या बायका. आम्ही बाजारात कापडी पिशव्या नेतो, दह्याला आणि मटणाला घरचा डबा नेतो, भाजीची देठं गच्चीवरच्या ड्रमात कुजवतो. मी तर शाळांतून बोलायलाही जाते. ज्वारीला पाणी कमी लागतं, हुलग्याला त्याहून कमी, आपल्या मुलखानं हेच खावं, असं सांगते आणि पोरं टाळ्या वाजवतात. परवा एका बाईंनी विचारलं, हे सगळं तुम्हाला आईकडून आलं असेल ना? मी हो म्हटलं. धडधडीत खोटं. आईच्या हातात असतं तर तिनं जन्मभर गव्हाची पोळी आणि बारीक तांदळाचा भात खाल्ला असता, आणि भाकरीकडे ढुंकून पाहिलं नसतं.

दुष्काळाच्या साली मी आठ वर्षांची होते, धाकटा भाऊ पाचाचा. तुम्ही आणि आई खडी फोडायला जात होतात आणि घरात रेशनचा लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, शिजत होता. तो गिळताना धाकट्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी गावातल्या एका मोठ्या घरी बारसं होतं आणि आई खडीवर खाडा करून तिथं भांडी घासायला गेली. तिसऱ्या प्रहरी ती आली, तेव्हा तिच्या पदरात चार पुरणपोळ्या होत्या आणि हातात आमटीचा तांब्या. आम्ही दोघं ताटल्या घेऊन बसलोय, आई गाठ सोडते आहे, आणि तुम्ही दारात उभे. "कुठनं आणलं?" आई म्हणाली, "दिलं त्यांनी. उरलं हुतं." तुम्ही आवाज चढवला नाही. तुमचा आवाज खाली गेला की जास्त भीती वाटायची. "माझी माय टोपलं घेऊन दारोदार फिरली तेवढं बास झालं. धम्माची दीक्षा कशापायी घेतली मग? ह्या घरात कुणाचं उरलंसुरलं येणार न्हाई." आई म्हणाली, "लेकरं आठ दिस झालं मिलोच खाऊन राहिलीत ओ. पानातलं न्हाई हे, भांड्यातलं हाय." तुम्ही म्हणालात, "ऊठ. तूच आणलंस, तूच टाक."

ती उठली. उकिरड्यापर्यंत गेली, पदर झटकला, तांब्या उपडा केला. तेवढ्यावर तुमचं भागलं नाही. कुत्री खाऊन जाईपर्यंत तुम्ही तिला तिथं उभं केलंत, आणि आम्ही दोघं दारातून बघत होतो. मग तिनं हात धुऊन मिलो शिजत घातला. पुढं दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही मरावं असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आज ते लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटत नाही.

पुढं जिल्हा नवा झाला, कचेऱ्या लातुरात आल्या, जागा निघाल्या. तुम्ही शिपाई झालात आणि मागं लागून मला फॉर्म भरायला लावलात, म्हणून मी कारकून झाले. तो तुमचा उपकार आहे, तो मी मानते. पण पहिल्या महिन्यातला तो बाजारही मला आठवतो. दिवेलागणीला बाजार उतरतो, तेव्हा मी वाट्यावरची वाकडीतिकडी वांगी घेतली. चांगली होती, कीड नव्हती. तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि भरल्या बाजारात त्या बाईच्या पोत्यावर उपडी केलीत. "आपण काय वेचून खायला आलोत का?" मग दुसऱ्या दुकानातून एकसारखी, चकचकीत वांगी घेतलीत, तीही आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी हातात धरून कॉलनीपर्यंत चालत आलात. वाटेत भेटेल त्याला ती दिसावी म्हणून तुम्ही ती जरा पुढं धरली होती. मी मागून खाली मान घालून चालत होते. आता मी शाळेत वाकडी काकडी हातात धरून सांगते, पोरांनो, हिला नाकारू नका, हिलाही तेवढंच पाणी लागलंय.

लातूरबाहेरच्या मंगल कार्यालयांत यंदा टँकरच्या पाण्यावर लग्नं लागली. पाणी विकत, पण मागच्या नालीत मसालेभात आणि बुंदी घमेल्यानं ओतलेली. मी बैठकीत म्हटलं, हे आपण उचलू या. सगळ्यांना पटलं. न्यायचं कुठं, हा प्रश्न आला तेव्हा गटातली सगळ्यात लहान बाई म्हणाली, आपणच घरोघर वाटून घेऊ की, ताजं तर असतं. एक मुख्याध्यापिका होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, बरं दिसतं का ते?" मीही मान हलवली. आणि मग मीच म्हणाले, आमच्या गावाकडं वस्ती आहे, तिथं गरज आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, आबा. मी आपणहून सांगितलं.

जीप भरून दुपारी तीनला पोचलो. समाजमंदिराच्या ओट्यावर डबे मांडले, रांग लावली. पोरं खूश होती. आत्या सगळ्यांत शेवटी काठी टेकत आली. डब्यात डोकावली. "कुणाचं लगीन हाय बाई?" मी म्हटलं, "कार्यालयातलं आहे आत्या, उरलं होतं. टाकून देत होते." तिनं काठी ओट्याला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "मायसंगं मी बी जायची. ऊनपाऊस न बघता हिंडावं लागायचं, दारात उभं राहून वरडावं लागायचं, तवा कोर पडायची टोपल्यात. तू लई चांगली हायस. घरपोच आणलंस." दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्या मुख्याध्यापिकांना काहीच कळलं नाही. त्या म्हणाल्या, आजी किती गोड बोलतात, आणि त्यांनी आमचा दोघींचा फोटो काढला. आत्यानं ताट पुढं केलं. "वाढ की, थांबलीस का?" मी वाढलं. तिनं ओट्यावर बसून सगळं खाल्लं, एक शीत ठेवलं नाही, आणि बुंदी पुन्हा मागितली. मी पुन्हा वाढली.

आता तुमच्याशी भांडते. अन्न चांगलं होतं आणि ते नालीत गेलं असतं. उपाशी लेकरांसमोर पुरण कुत्र्यांना घालणं हे पाप होतं, आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. तुमचा ताठा तुम्ही आमच्या पोटावर पोसलात. इथपर्यंत माझं बरोबर आहे. पण आत्या गेल्यावर मी डबे मोजून जीपमध्ये ठेवले, एक अर्धा भरलेला होता, आणि येताना आम्हा सहाही जणींना भूक लागली होती. वाटेत गाडी थांबवून आम्ही भजी खाल्ली. त्या डब्याला कुणी हात लावला नाही. मीही नाही. महिना झाला हे काम करतेय, त्यातला एक घास माझ्या घरी कधी आला नाही. पृथ्वी आम्ही वाचवायची, पण वस्तीवरच्यांच्या पोटानं. पुढच्या बैठकीत हे उभं राहून बोलायचं असं मी ठरवून गेले होते. चहा पिऊन परत आले.

हे पत्र मी आत्याला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत ते पोचायचा प्रश्नच नाही. रविवारी दोन लग्नं आहेत, जीप सांगून ठेवली आहे. काम मी सोडलेलं नाही. फक्त आता आम्ही जळकोटकडच्या एका वस्तीवर जातो. गाव बदलू या असं मीच सुचवलं. तिथं मला कुणी ओळखत नाही.