दहा डबे, एक नारळ

६ जानेवारी, मंगळवार

फळा पुसणार नाही! पुसा म्हणणारे सुहास सर विज्ञान केंद्राचे प्रमुख असतील, पण नारळाचं टेबल मी मांडलंय. दहा झाकलेले डबे — पाचांत पाणी, पाच रिकामे. नारळ तळहातावर आडवा धरून फिरायचं. तो उभा राहिला की खाली पाणी, असं जमिनीतलं पाणी शोधणारे पाणाडी सांगतात. मग झाकणं काढायची आणि दहापैकी किती बरोबर ते फळ्यावर लिहायचं. नुसतं छापा-काटा करूनही पाचेक येतातच.

पहिल्या आठवड्यात लोकांचे आठ-आठ, नऊ-नऊ आले. मी हादरलेच. पप्पा स्वतः पाणाडी. पुणतांब्यात निम्म्या बोअरच्या जागा त्यांनी दाखवलेल्या. टेबल मांडल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. वाटलं, पप्पाच खरे की काय?

मग झाडलोट करणाऱ्या दगडाबाई म्हणाल्या, "ताई, पान्याचा डबा आला की तुमी श्वास धरता. लोक नारळाकडं न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघत्यात."

माझीच चूक! डबे मीच भरायचे, कशात पाणी ते मला ठाऊक. आता डबे दगडाबाई भरतात आणि दोघी बाहेर थांबतो. आकडे — चार, सहा, पाच. जुने आकडे ठेवलेत. त्यांवर रेघ मारली आणि शेजारी माझं नाव घालून लिहिलं, 'ग्रेसची चूक'.

७ जानेवारी

सर म्हणे, "चुका दाखवायला केंद्र काढलंय का? लोकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल."

आमच्याकडे आहे काय? रॉकेट. दाढीवाल्या शास्त्रज्ञांचे फोटो. बटण दाबा, दिवा लागतो. कुणाचं कधी काही चुकलंच नाही, सगळे आईच्या पोटातूनच शिकून आलेले! लोक बटण दाबतात आणि पुढं जातात. नारळापाशी मात्र थांबतात, भांडतात. केडगावच्या एक आजी आज तीनदा रांगेत उभ्या राहिल्या.

८ जानेवारी

सरांनी बजावलं, शनिवारी पाहुणे येणार. तोवर फळा कोरा, नाहीतर मी घरी. नोकरी हवीय मला. तरी पुसणार नाही.

९ जानेवारी

आईचा फोन. जेवताना पप्पा म्हणाले म्हणे, "पोरीनं बापाचं नाक कापलं." आधी मी रडले, मग संताप आला. स्वतःची चूक चारचौघांत लिहिली मी, ती कुणाला दिसत नाही! आईला म्हटलं, त्यांना सांग, एकदा येऊन बघा.

१० जानेवारी, शनिवार

पाहुण्यांच्या आधी पप्पा आले. नारळ घरचा आणलेला. दहापैकी पाच. माझ्याकडं बघितलं नाही. खडू उचलला आणि स्वतः लिहिलं — 'पीटर, पाणाडी, पुणतांबा : ५'.

सर फडकं घेऊन आले. पप्पा फळ्यापुढं उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या. माझं नाव हाय त्यावर. पोरीचंबी हाय."