उष्ट्या हळदीची वाटी

रविवार, ४ जानेवारी
आले एकदाची नवी मुंबईत. करंजाडेतली ही जागा पाहताक्षणी आवडली होती, आज सामान लावल्यावर आणखी आवडली. दुसरा मजला, स्वयंपाकघरात सकाळभर ऊन, आणि कराडच्या घरातल्यासारखा बाथरूमसाठी नंबर लावायला नको. बाथरूमच्या आरशावर आधीच्या कुणाची तरी लाल टिकली चिकटलेली आहे. राहू दे सोबतीला.

घरमालकीण गोजरामावशी आणि पंढरीकाका खाली राहतात. मूळचे इथलेच. बिल्डिंगच्या जागी त्यांची भातशेती होती म्हणे. मावशी मला 'बाय' म्हणतात. संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि वाटीभर सुकटीची चटणी घेऊन वर आल्या. मी वाटी धुऊन, साखर घालून परत केली. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे आईने लहानपणापासून इतकं घोकून घेतलंय की हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो.

बुधवार, ७ जानेवारी
ऑफिस कळंबोलीला, लोखंडाच्या बाजारात, एका गोदामाच्या वर. काम बिलिंगचं. हजेरी दारातल्या मशीनला तोंड दाखवून लावायची. हिरवी खूण येते आणि आतली बाई माझं नाव घेते, 'जाई'. पहिल्यांदा हसूच आलं. महिनाअखेरीला कायम करणार आहेत, तोवर एकही खाडा नको. कायम नाही झाले तर परत कराड आणि तिथल्या सख्ख्या काकांच्या दुकानाचा गल्ला. त्यापेक्षा लोखंड बरं.

सोमवार, १२ जानेवारी
तोंड सोलवटायला लागलंय. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत, हनुवटीवर. कॉलेजात दर हिवाळ्यात व्हायचं, पण इतकं नाही. टँकरचं पाणी, वर दिवसभर लोखंडाची धूळ. काळ्या कुर्त्यावर पांढरा कोंडा पडतो आणि समोरचा माणूस बोलता बोलता तिथेच बघतो. चीड येते.

गुरुवार, १५ जानेवारी
चार दिवस, चार उपाय. खोबरेल तेल लावलं, तोंड तेलकट आणि कोंडा तसाच, वर धूळ चिकटली ती वेगळी. आई फोनवर म्हणाली साय लाव. लावली. दुपारपर्यंत मलाच माझा वास सहन होईना. ऑफिसातल्या उज्वलाने डाळीचं पीठ आणि दही सांगितलं, त्याने अशी आग झाली की रडू आलं. कोरफडीने तर गाल पापडासारखे ताणले. ज्याला त्याला उपाय सांगायचाय, तोंड मात्र माझं. स्किनच्या डॉक्टरांची वेळ फेब्रुवारीची मिळालीय.

जिन्यात मावशी भेटल्या. हनुवटी धरून तोंड उजेडाला फिरवलं आणि म्हणाल्या, "तुजं तोंड उकललंय, बाय. थांब, हलद देतंय." तेलात कालवलेली हळद दिली, पितळी वाटीत. लावली आणि पहिल्यांदा गार वाटलं.

शनिवार, १७ जानेवारी
काय सांगू, फरक पडला! गाल मऊ झालेत.

एक फजिती मात्र झाली. वाटी परत करायला गेले तर घरात साखर नाही, गूळ नाही, काही नाही. रिकामी कशी द्यायची? उरलेली हळद तशीच ठेवून दिली. त्यात माझी बोटं बुडालेली, कोंडासुद्धा पडला असेल. लाजेने मेले. मावशींनी मात्र वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. तुझ्या तोंडाची उष्टीच आहे ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले, माफी मागितली. त्यांचे डोळे भरून आले.

त्यांच्या बैठकीत मुलीचा फोटो आहे, हार घातलेला. उन्नती. हळदीच्या दिवशी सकाळीच गेली, तापाने. नवऱ्याकडची उष्टी हळद यायची होती, ती आलीच नाही. फोटोला ओल लागून चेहऱ्याचा कागद पोपडे धरून निघालाय. साडी दिसते, हात दिसतात, तोंडाच्या जागी पांढरं. फार वाईट वाटलं.

सोमवार, १९ जानेवारी
मावशी रोज ताजी वाटी देतात, मी रोज उरलेली परत करते. त्यांना तीच हवी असते. पंढरीकाका कधी बोलत नाहीत, आज जिन्यात अडवून हळूच म्हणाले, "वाटी घासून दे. रिकामी दे." चेहऱ्याकडे न बघताच खाली गेले. रिकामी वाटी कोण देतं? म्हाताऱ्याचं काहीतरीच.

बुधवार, २१ जानेवारी
परत सोलवटतंय, आणि आता कोंडा नाही, नखाएवढे पापुद्रे. हात टेकले. खालची कातडी मऊ आहे, पण मशीनने मला ओळखलं नाही. तीनदा तोंड दाखवलं. मागे रांग लागली. हजेरी बघणाऱ्या धनेशने माझा फोटो नव्याने घेतला आणि म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, तोंड धुऊन या." जसं काही मी न धुताच फिरते.

शुक्रवार, २३ जानेवारी
मशीन नाही म्हणालं. कालही. नवा फोटोही जुळत नाही. साहेबांनी विचारलं, रोज काय भानगड आहे. आठ दिवसांवर कायम व्हायचंय.

डाव्या भुवईत माझी खोकेची खूण होती. पाचवीत झोपाळ्यावरून पडले तेव्हाची. आज चाचपली, लागली नाही. आरशात बघितलं. नाक आहे, डोळे आहेत, सगळं गुळगुळीत आहे. कुणासारखं आहे ते सांगता येत नाही.

सोमवार, २६ जानेवारी
सुट्टी. वाटी द्यायला खाली गेले. फोटोतला चेहरा भरलाय. पांढरं काही उरलेलं नाही. तुकतुकीत गाल. डाव्या भुवईत खोक.

मी विचारलं, हे काय. मावशी म्हणाल्या, "तुजी उष्टी लागली ना तिला." आणि माझ्या गालावरून हात फिरवला, प्रेमाने. हातातली वाटी मी तिथेच ठेवून आले. हळदीसकट. मूर्ख. रिकामी द्यायची होती, काका सांगत होते.

मंगळवार, २७ जानेवारी
कामावर गेले नाही. तोंडाला हात लावला की हातात येतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोनवर हजेरीचा मेसेज आला: जाई, हजर.

नंतर उज्वलाचा आला. आज काय मस्त दिसतेयस, उपाय सांग ना.

आरशावरची टिकली नाही.

गुरुवार, २९ जानेवारी
फोन उघडत नाही. माझ्या तोंडाने उघडायचा. आकडे घातले, तेही चुकतायत, की हातच—

काल आईशी बोलले होते, रडले होते. ती म्हणाली, येते शनिवारी. बरं झालं. ती आली की सगळं—

वाटी राखेने घासली. चारदा. रिकामी घेऊन खाली गेले. दार मावशींनी नाही उघडलं. मी उघडलं. म्हणजे ती. माझा काळा कुर्ता, कपाळावर लाल टिकली. वाटी घेतली, आत बघितलं, हसली. म्हणाली, आता रिकामी दिलीस तरी चालेल.

शनिवार, ३१ जानेवारी
अकरा वाजता आईचा आवाज. खाली. धावत जिन्यापर्यंत गेले—

ती खालच्या दारात म्हणत होती, किती छान झाली गं कातडी, उगाच घाबरवलंस मला. आणि कायम झालीस, सांगितलं नाहीस ते.

मी हाक मारली. आईने वर बघितलं. नमस्कार केला. अनोळखी बाईला करतात तसा. पंढरीकाका कोपऱ्यात उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

आत गेले सगळे.

बारा. आई विचारते आहे, वर कोण राहतं. जिन्यातून ऐकू येतं. माझा आवाज सांगतोय, एक भाडेकरू, तोंडाचं काहीतरी झालंय बिचारीला, तिची वाटी आपल्याकडे राहिली आहे.

आई म्हणाली मी देऊन येते. रिकामी नको, साखर घाल त्यात.

जिना चढते आहे. चपला ओळखते मी तिच्या. तोंडावरची ओढणी काढून ठेवली, नीट बघू दे. भुवईत खोक नसेना का. आवाज माझा नसेना का. आईला कळेल, तिने मला पोटात—

बेल. दार उघडलं. वाटी पुढे केली तिने, साखरेची. बघते आहे. बघते आहे माझ्याकडे. म्हणते, घ्या ना ताई, तुमचं नाव—