बारीक रेघेची जागा

प्रिय रेघूबाई,

सगळ्यात आधी आला तो पितळेवर अक्षरं कोरणारा टकलू. मी जरा डोळा लागतोय म्हणून पाय वर घेतले, तर वाजली बेल. जिने चढून असा धापा टाकत होता, की आधी पाणी दिलं, कशाला आलास ते मग विचारलं. त्याच्या मागून एक बाई, गळ्यात चष्मा, हातात मोजायची फीत. ती दारातच थांबली आणि आजोबांच्या नावाच्या पाटीकडे अशी टक लावून बघायला लागली, की मी म्हटलं, अहो आत या, पाटी काही पळून जात नाही. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची आलीच वाटीभर साखर मागायला. साखर घरात असते तिच्या, बातमी नसते.

खरं सांगू, हल्ली कुणी आलं की जिवावरच येतं. गुडघा ऐकत नाही. एकटीपुरता चहा टाकायचा तर चहाच नकोसा होतो. दिवस कसा जातो विचारू नकोस, जातो. पण त्या दिवशी कपाटातले चांगले कप काढले बाई, कान तुटलेला टकलूला दिला.

तुझं मागचं पत्र पोचलं. अक्षरं काढणं सोडलंस, टेबल देऊन टाकलंस, आता विम्याच्या कचेरीत बसणार म्हणतेस. मी काय बोलणार, माझी शाळा चौथीतच सुटली. पण आजोबांच्या आठवणींचं पुस्तक तू तुझ्या अक्षरांत छापलंस आणि त्यांनाच ते वाचता आलं नाही, हे जे लिहिलंस ना, ते वाचून मी ताट बाजूला सारलं. वाचता नव्हतंच आलं, त्यात काय खोटं बोलू. तुझी अक्षरं कशी, उभा दांडा ठसठशीत, वळणाची रेघ केसाएवढी, आणि खाली टेकायला इवलीशी टाच. पुस्तकात ती मुंगीएवढी झाली आणि केसाएवढ्या रेघा कागदानं पिऊन टाकल्या. जन्म छापखान्यात गेलेला माणूस भिंग घेऊन बसला, दिसतात तर नुसते दांडे. मी म्हटलंसुद्धा, हे पुस्तक आहे की कुंपण? ते हसले. तू दारात उभी होतीस, तू पाहिलंस ते त्यांनी पुस्तक मिटलं एवढंच. आणि सकाळच्या गाडीनं निघून गेलीस.

मागे काय झालं ते तुला कुणी सांगितलंच नाही. ते म्हणाले, पोरीचं अक्षर चुकलं नाही गं, जागा चुकली. एवढी बारीक रेघ लहान घरात नांदत नाही, तिला ऐसपैस जागा लागते. लहानपणी तू भिंतीवर रेघोट्या मारायचीस आणि मी ओरडायचे, तेव्हाही तुझीच बाजू घ्यायचे ते! मग त्यांच्या नावाचा तुझा तो मोठा कागद होता ना भिंतीवर, तो उतरवला, गुंडाळी काखेत मारली आणि काठी टेकत गेले टकलूकडे. मी म्हटलं, या वयात दारावर नाव कशाला, टपालवाला ओळखतो की. तर म्हणे, मला वाचायचंय. पाटी लागली तशी रोज जिन्याच्या वळणावर थांबायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि खालून ओरडायचे, दिसतंय गं! सगळं दिसतंय! शेजारपाजारच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला झालंय तरी काय.

पुढे ते गेले तेव्हा तू आलीस, पण दार सताड उघडं, भिंतीला टेकलेलं, आणि उंबऱ्याशी चपलांचा ढीग. पाटी कुणाच्या नजरेला पडणार? मीही तेव्हा आल्यागेल्यांत अडकलेली. तू पाहुणीसारखी बसलीस आणि पाहुणीसारखी गेलीस.

तर ही फीतवाली बाई नाट्यगृहाची. जुनं नाट्यगृह दुरुस्त करतायत, दर्शनी भिंतीवर नाव लावायचंय, एकेक अक्षर माणसाच्या उंचीचं. टकलूनं आपल्या पाटीचा फोटो दुकानात लावलाय, तो तिनं पाहिला आणि त्याला धरून इथवर आली. पण टकलूकडे आजोबांच्या नावात होती तेवढीच अक्षरं. बाकीची तुझ्यावाचून कोण काढणार? बाई म्हणाली, तयार अक्षरं मिळतात हो आजी, पण ती बटाट्याच्या पोत्यांसारखी, सगळीकडून सारखी जाड. तुमच्या नातीनं नाही म्हटलं तर मात्र तीच लावावी लागतील. खालच्या मजल्यावरची लगेच बोलली, नात कसली येते, ती तर विम्यात चालली. मी पायानं तिचा पाय असा दाबला की ती साखर विसरून गेली.

आणि मी सांगून टाकलं, येईल ती. तुला न विचारता. म्हणून हे पत्र, नाहीतर मला कुठे चार ओळी लिहवतात आता, हात भरून येतो. ये म्हणून गळ घालत नाही. तुझं मन विटलं असेल तर विम्यात बस, सुखानं बस. पण नाही म्हणायचं ते तू म्हण, या दारात उभी राहून, पाटी बघून. तुझ्या वतीनं माझ्या तोंडून ते निघायचं नाही. जिना चढताना वळणावर जरा थांब. ती दोघं गुरुवारी सकाळी पुन्हा येतो म्हणालीत.

कप धुऊन, पालथे न घालता ठेवून बसलेली,
तुझीच आजी