उजव्या कोपऱ्यातलं कडं

३ फेब्रुवारी, सकाळ
निश्चय. आजपासून काटकोनशी बोलणं बंद. एका खोलीत राहतो म्हणून काय झालं. चपलासुद्धा भिंतीशी काटकोनात लावतो, नाव मीच ठेवलंय. दुर्बीण दोघांत घेतली तीच घोडचूक. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात ते खोटं नाही. गच्ची एक दिवस त्याची, एक दिवस माझी. त्याच्या दिवशी हटकून आभाळ स्वच्छ.

५ फेब्रुवारी
माझा कॅमेरा काळापांढरा. त्यापुढे हायड्रोजनचा फिल्टर. हायड्रोजनचा लाल उजेड आत, बाकी सगळ्यांना दार बंद. त्यामुळे तेजोमेघ असा येतो की धुराच्या दोऱ्या मोजाव्यात. फक्त रंग नाही. काटकोनचा कॅमेरा रंगीत. त्याचे तारे निळे-पिवळे, छान (हे त्याला सांगणार नाही). ढग मात्र पाणी घातलेलं सरबत.
माझा ढग आणि त्याचे तारे एकत्र केले तर आमच्या आकाशनिरीक्षण क्लबच्या फोटोस्पर्धेत दुसरा कुणी उभा राहणार नाही. जिंकेल त्याचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर आणि क्लबच्या मोठ्या दुर्बिणीची किल्ली वर्षभर हातात. किल्ली मिळाली की ही अर्धी दुर्बीण, हा अर्धा माणूस, सगळ्याला रामराम.

८ फेब्रुवारी
टेबलावर काटकोनची चिठ्ठी. फ्लॅट काढतोस का. म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून नुसत्या उजेडाचे फोटो काढायचे. काचेवर कुठे धूळ आहे ते कळतं, मग कॉम्प्युटर ती वजा करतो.
उलट लिहिलं, धूळ तुझ्या डोक्यात आहे, ती वजा कर.
दिवसभर खूश. गोदामात फोर्कलिफ्ट एकदाही कुठे घासली नाही.

११ फेब्रुवारी
दुसरी चिठ्ठी. दोघांचं एकत्र करू, खाली दोघांची नावं.
वा रे वा. आयत्या बिळावर नागोबा. क्लबच्या बाईंना (रिटायर्ड शिक्षिका, अजून लाल पेन वापरतात) लेखी कळवलं की कोणत्याही सामाईक फोटोला माझं नाव लावू नये. खाली सही. सही झोकात आली. आठवी नापास माणसाची वाटत नाही.

१४ फेब्रुवारी
काटकोन कामावर गेल्यावर त्याचे रंगीत फोटो लॅपटॉपवरून घेतले. ही चोरी नाही. लॅपटॉप अर्धा माझा. मी माझ्या अर्ध्यातूनच घेतले.

१६ फेब्रुवारी
एकत्र केलं. सगळा तेजोमेघ जुलाबाच्या औषधासारखा गुलाबी. काटकोनच्या रंगांचा दोष.
संध्याकाळी पुन्हा. या वेळी माझा ढग फक्त लाल रंगात मिसळला, तारे त्याचेच ठेवले. जमलं. मी हुशार आहे, फक्त शाळेला ते कळलं नाही.
माझी पांढरी बनियन सापडत नाही.

१७ फेब्रुवारी
फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक कडं आहे. गोल, काळसर, मधे भोक. काटकोनच्या फोटोत नाही. असणार कसं? ते फक्त हायड्रोजनच्या उजेडात दिसतं. आजवर कुणाला दिसलं नाही, मला दिसलं.

२० फेब्रुवारी
जानेवारीत काढलेला दुसरा तेजोमेघ उघडला. त्यातही कडं. त्याच उजव्या कोपऱ्यात, तेवढंच. आठवड्यात दोन शोध. निसर्गाला शिस्त असते ती ही.
बनियन अजून नाही. काटकोनवर संशय. तो म्हणाला, परवा देतो. कबूल करतो आणि वर मुदत मागतो.

२३ फेब्रुवारी
ताईला फोन केला. सांगितलं, वाचनालयात भिंतीवर लागणार आहे, तुझा भाऊ शोध लावून बसलाय. ताई म्हणाली, गेल्या वेळी मला काळा कागद पाठवला होतास. मग म्हणाली, नीट बघ रे, कपाचा डाग असेल. घर की मुर्गी दाल बराबर. फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी, रात्री
क्लबात स्पर्धेचे फोटो मांडले. बाईंनी चष्मा वर केला, कडं बघितलं. विचारलं, या फिल्टरनं काढलेला आणखी एखादा फोटो आहे का. मी ऐटीत दुसरा तेजोमेघ पुढे केला. वीसेक माणसं जमली होती. बाई म्हणाल्या, अजून एक? मागून काटकोन म्हणाला, चंद्राचा आहे की, यानंच काढलाय. मोबाइलवर दाखवला.
चंद्रालाही कडं. उजव्या कोपऱ्यात.
कुणी मोठ्यानं हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी माझ्या शोधाभोवती लाल पेनानं गोल केला आणि शेजारी लिहिलं, धूळ.

१ मार्च
काटकोन जिंकला, फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागला. त्याचे तारे, माझा ढग. लॅपटॉप अर्धा त्याचाही आहे म्हणे. माझ्या फिल्टरचे फ्लॅट त्यानंच काढले, दुर्बिणीच्या तोंडावर माझी बनियन ताणून. कडं साफ गेलंय. ढग इतका सुंदर आहे की मी पाच मिनिटं तिथून हललो नाही.
खाली त्याचं नाव. मग ‘आणि’. मग पांढऱ्या शाईचा पट्टा. बाई म्हणाल्या, तुझं नाव त्यानं लिहिलं होतं, पण तुझा अर्ज होता ना, सहीसकट.
किल्ली खोलीत खिळ्याला टांगलीय. सरळ.
बनियन परत आली. धुऊन, चौकोनी घडी घालून. गळा दुर्बिणीच्या तोंडाएवढा झालाय. थंडी होती, घातली.