राईतले दोन हिरडे

१२ जुलै २०२५
पोहोचलो एकदाचे! तिकोणा पेठेतलं घर शेवटी आपलं झालं. तळेगावच्या शाळेत चौतीस वर्षं खडू झिजवला, आता फक्त झाडं लावायची आणि पडून राहायचं. मागच्या मालकाने अंगणभर शोभेचे पाम लावलेत, मेलं एक पाखरू फिरकत नाही. ते काढून इथलीच झाडं लावणार: करंज, बहावा, हिरडा. माझा नवरा केशव खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. त्याचे गुडघे पार गेलेत, चार पावलं टाकायची तरी माझा खांदा लागतो.

१५ जुलै
खड्डे खणायला गावातला हौशीराम येतो. सत्तरी ओलांडलीय, पण हात माझ्यापेक्षा चलाख. त्याची एक खोड आहे. रोप तयार नसेल तर खड्ड्यात दगड ठेवल्याशिवाय घरी जात नाही. म्हणाला, "मोकळा खड्डा वाट बघतो, बाई." मला हसूच आलं.

१९ जुलै
रोपवाटिकेत हिरडा मिळेना, म्हणून वरच्या देवराईत गेले. तिथे रोपंच रोपं. दोन उचलली, मुळांच्या मातीसकट. खड्डे बुजवायला वाकवेना, कंबर धरली होती, तसेच सोडले. एक रोप केशवच्या खुर्चीपाशी लावलं, एक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

२० जुलै
हौशीरामने रोपं बघितली आणि कुदळ खाली ठेवली. राईतलं वाळकं पानही कुणी आणत नाही म्हणे, आणि मी तर खड्डे मोकळे सोडून आले. "आजच्या आज परत लावा, बाई. न्हाईतर घरातलं माणूस जातं तितं उभं ऱ्हायला." मी म्हटलं, तूच ने. नाही म्हणाला, ज्यानं उपटलं त्यानंच न्यायचं. तासाभराची चढण! खरं सांगते, कंटाळा आला. उद्या बघू.

२४ जुलै
केशव आता खुर्चीत बसत नाही. सकाळपासून अनवाणी उभा असतो, हिरड्याशेजारी. गुडघे अजिबात दुखत नाहीत म्हणतो. बरंच वाटलं मला, तेवढीच माझ्या खांद्याला सुट्टी. राईत जायचं राहिलंच. हौशीराम येत नाही.

२७ जुलै
जेवत नाही. पायांवर पाणी घाल म्हणतो. दुपारी पाहिलं तर पावलं घोट्यापर्यंत मातीत. ओढून काढला. तळव्यांना पांढरे तंतू फुटले होते, कात्रीने कापले. रक्त आलं नाही, पण तो हमसून हमसून रडला. मला भीती वाटतेय. उद्या उजाडताच रोपं नेते, कंबर मोडली तरी चालेल.

२८ जुलै, सकाळ
केशव अंगणात नाही. चिखलात अनवाणी पावलं, राईकडे गेलेली — ती चढण, आणि त्याचे ते गुडघे! दोन्ही रोपं काढायला बसले. खिडकीखालचं हलतच नाही. मुळं मनगटाएवढी झालीत, नऊ दिवसांत. त्याच्या खुर्चीपाशीचं निघालं. ते घेऊन निघतेय —

दुपार, राईत
सापडला. मी केलेल्या खड्ड्यात उभा. गुडघ्यापर्यंत माती, वर गळ्यापर्यंत साल. केशव, केशव — किती हाका मारल्या. डोळे मिटलेले. हात धरला तर खरखरीत —
रोप तसंच माझ्या हातात. लावायला जागाच नाही. तो तिथे आहे.
एका चढणीचा कंटाळा केला मी. एवढाच.

दुसरा खड्डा शेजारीच. मोकळा. तो खिडकीखालच्या रोपाचा, हे त्यात चालायचं नाही. त्यात टाकायला दगड शोधतेय — इथे नुसता पाचोळा —
खाली घरी जायला हवं. हौशीरामला आणायला — पाय उचलत नाहीत.
चपला केव्हा काढल्या?
माती मऊ आहे. कंबर दुखायची थांबली. फार दमलेय रे, केशव. पाच मिनिटं नुसती उभी राह —